सार्वजनिक वाचनालयाचे वर्षभराचे नियोजन : उपक्रम, सेवा आणि देवघेव

तालुक्याच्या गावातले 'ब' किंवा 'क' वर्गाचे शासनमान्य वाचनालय डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. अशा वाचनालयात ग्रंथपाल, फार तर एखादा लिपिक आणि शिपाई एवढाच सेवकवर्ग असतो, वाचनालय चालवण्यासाठी शासनाकडून मिळणारे परिरक्षण अनुदान हप्त्यांनी येते आणि कार्यकारी मंडळातली माणसे आपापले व्यवसाय सांभाळून वेळ देतात. वर्षाचे कार्यक्रम ठरवायचे म्हटले की जयंत्या आणि पुण्यतिथ्यांची यादी पुढे येते. प्रतिमापूजन होते, दोन भाषणे होतात, छायाचित्र निघते आणि ते वार्षिक अहवालात चिकटवले जाते. जयंती जरूर साजरी करावी, पण त्या दिवशी वाचनालयातले एकही पुस्तक कपाटाबाहेर आले नसेल तर तो कार्यक्रम गावातल्या कोणत्याही मंडळाला करता आला असता. वाचनालयाच्या प्रत्येक उपक्रमाला एक प्रश्न विचारावा : यामुळे पुढच्या महिन्याभरात कोणते पुस्तक कोणाच्या घरी गेले? खालचे सारे नियोजन या प्रश्नाभोवती रचले आहे.

फेब्रुवारीतच देवघेवीची नोंदवही उघडावी

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होत असले तरी नियोजनाची बैठक फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या पहिल्या आठवड्यात घ्यावी आणि त्या बैठकीत चर्चेआधी देवघेवीची नोंदवही टेबलावर ठेवावी. गेल्या बारा महिन्यांत महिनावार किती पुस्तके बाहेर गेली, त्यांत कथा-कादंबऱ्या किती, चरित्रे किती, बालवाङ्मय किती, आणि वर्गणी भरूनही तीन महिन्यांत एकदाही न आलेले सभासद कोण, एवढे ग्रंथपालाने दोन पानांत मांडून आणावे. ज्यांनी संगणकीकरण केले आहे, त्यांना ई-ग्रंथालय किंवा कोहा या प्रणालींतून हे तक्ते सहज काढता येतात. ज्यांचे काम अजून वहीवर चालते, त्यांनी प्रत्येक महिन्यातला एक आठवडा निवडून मोजणी केली तरी चित्र पुरेसे स्पष्ट होते.

या मोजणीतून जे दिसते ते बहुधा मंडळाच्या अंदाजाशी जुळत नाही. धार्मिक पुस्तकांना मागणी आहे असे सगळे म्हणत असतात आणि नोंदवहीत मात्र आरोग्य, शेती आणि प्रवासवर्णनांचे आकडे वाढलेले आढळतात; महिला सभासद कमी झाल्या असे वाटत असते आणि प्रत्यक्षात मुलाच्या किंवा पतीच्या नावावरच्या सभासद-पत्रकावर तीच वाचक पुस्तके नेत असते. न येणाऱ्या सभासदांची यादी हाती आली की त्यांतल्या काहींना दूरध्वनी करावा. पुस्तक परत करायला उशीर झाला आणि दंडाच्या संकोचाने येणेच थांबले, असे कारण पुष्कळ वेळा निघते. वर्षातून एक आठवडा दंडमाफीचा ठेवला तर अशी माणसे आणि अडकलेली पुस्तके, दोन्ही परत येतात. तो आठवडा कार्यकारी मंडळाच्या ठरावाने जाहीर करावा आणि ठरावाची नोंद इतिवृत्तात घ्यावी, म्हणजे तपासणीच्या वेळी प्रश्न राहत नाही.

गावाचे वर्ष आधी, दिनविशेष नंतर

दिनविशेषांची यादी सर्वांना पाठ असते : २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन, १२ ऑगस्टचा, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिन म्हणून पाळला जाणारा ग्रंथपाल दिन, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, १५ ऑक्टोबरला, २०१५ पासून होणारा वाचन प्रेरणा दिन, १४ ते २० नोव्हेंबरचा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह, १४ ते २८ जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीचा, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनाचा, मराठी भाषा गौरव दिन. शासनाची परिपत्रकेही यांसाठी येतात. पण या तारखा दिनदर्शिकेवर लिहिण्याआधी गावाचे स्वतःचे वर्ष लिहावे. आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो, सोयाबीनची काढणी किंवा उसाचा गाळप हंगाम केव्हा असतो, जत्रा कधी, दहावी-बारावीच्या परीक्षा कधी, शाळा केव्हा उघडतात, लग्नसराईत सभागृह केव्हा मिळत नाही, हे सर्व एका मोठ्या कागदावर बारा रकान्यांत मांडावे.

असे केले की पुष्कळ गोष्टी आपोआप ठरतात. काढणीच्या दिवसांत शेतकरी कुटुंबांसाठी ठेवलेला मेळावा रिकामा जाणार हे आधीच कळते. बाजाराच्या दिवशी वाचनालय दुपारी बंद राहत असेल तर खेड्यांतून येणारा सगळा वाचक आपण स्वतःच परत पाठवतो. त्या दिवशी वेळ सलग ठेवून दुसऱ्या दिवशी सवलत घेणे अवघड नसते. माझ्या मते छोट्या वाचनालयाने वर्षात चार मोठे उपक्रम घ्यावेत आणि बाकीचे दिनविशेष पुस्तक प्रदर्शनापुरते मर्यादित ठेवावेत. एका टेबलावर त्या विषयाची पंधरा-वीस पुस्तके मांडली आणि ती तिथूनच घरी नेण्याची मुभा दिली, तर तो दिनविशेष सार्थकी लागला असे समजावे.

आधी रोजच्या सेवा नीट कराव्यात

उपक्रमाला आलेला माणूस दुसऱ्या दिवशी वाचनालयात येतो तेव्हा त्याला काय मिळते, यावर तो टिकतो की नाही हे ठरते. सभासद अर्ज एका पानाचा असावा, त्याच पानावर वर्गणी, अनामत, एका वेळी किती पुस्तके आणि किती दिवसांसाठी, हे ठळक छापलेले असावे. अनामत परत मिळते ही गोष्ट अनेकांना माहीत नसते, ती तोंडी सांगावी. कपाटे कुलूपबंद ठेवून खिडकीतून पुस्तक देण्याची पद्धत जिथे अजून आहे तिथे निदान एक दालन तरी मुक्तद्वार करावे, म्हणजे वाचकाला कपाटातून स्वतः पुस्तक निवडू द्यावे. काही पुस्तके हरवतील, पण न हाताळली गेलेली पुस्तके वाचकाच्या दृष्टीने हरवलेलीच असतात.

मागणी नोंदवही हे फार स्वस्त आणि फार दुर्लक्षित साधन आहे. वाचकाने मागितलेले आणि संग्रहात नसलेले पुस्तक त्याच्या नावासह लिहून ठेवावे, ग्रंथनिवड समितीच्या बैठकीत ती वही वाचावी आणि पुस्तक खरेदी झाल्यावर पहिला निरोप त्याच वाचकाला द्यावा. आपल्या सांगण्यावरून पुस्तक आले हे कळलेला वाचक पुढची वर्गणी मागण्याची वेळ येऊ देत नाही.

जिना चढू न शकणाऱ्या ज्येष्ठ सभासदांसाठी घरपोच पुस्तकांचा एक वार ठरवावा. दृष्टिहीन किंवा अंधुक दिसणाऱ्या वाचकांना वापरता येतील अशी पुस्तके देणाऱ्या 'सुगम्य पुस्तकालय' या संकेतस्थळाची माहिती ग्रंथपालाला असावी. मराठी विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात, ही गोष्ट वाचनालयाच्या एका संगणकावर प्रत्यक्ष करून दाखवावी, कारण नुसती सूचना फलकावर लावून ती कोणी करून पाहत नाही.

स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका हा आज अनेक वाचनालयांचा सर्वांत गजबजलेला भाग आहे. तिथे येणारी मुले स्वतःची पुस्तके घेऊन येतात आणि वाचनालयाच्या संग्रहाला हातही लावत नाहीत, अशी तक्रार ज्येष्ठ सभासदांकडून होते आणि ती खोटी नसते. तरीही या मुलांना भाडेकरू समजू नये. चांगला उजेड, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि शांतता एवढे दिले, 'लोकराज्य', 'योजना' यांसारखी मासिके आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांच्या फाइली तिथेच ठेवल्या, आणि महिन्यातून एकदा नुकत्याच निवड झालेल्या गावातल्याच मुलामुलींना बोलावून त्यांनी काय काय वाचले हे त्यांच्या तोंडून ऐकवले, तर देवघेवीच्या टेबलापर्यंत त्यांची पावले वळतात. मुलींसाठी स्वतंत्र जागा आणि संध्याकाळी लवकर सुटता येईल अशी सोय असेल तर पालक पाठवायला तयार होतात.

एप्रिल-मे : मुलांचा उन्हाळा

परीक्षा संपल्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, विदर्भात जूनअखेरपर्यंत, मुलांकडे वेळ असतो. या काळासाठी बाल सभासदत्व नाममात्र शुल्कात किंवा देणगीदाराच्या मदतीने विनाशुल्क द्यावे. प्रत्येक मुलाला एक चाळीस पानी वही द्यावी. पुस्तक परत करताना त्याने त्यात पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहाव्यात. सर्वांत जास्त पुस्तके वाचणाऱ्याला बक्षीस ठेवण्याचा मोह टाळावा. तसे केले की मुले पातळ पुस्तके शोधू लागतात आणि चार ओळी मलपृष्ठावरून उतरवतात. त्याऐवजी वहीतली एखादी चांगली नोंद दर शनिवारी फलकावर लावावी. नाव फलकावर आलेले मूल आईवडिलांना घेऊन येतेच, आणि त्या भेटीत घरातल्या मोठ्या माणसाचा सभासद अर्ज भरून घेता येतो.

आठवड्यातून दोन सकाळी गोष्टींचा तास घ्यावा. वेळ साडेआठ ते साडेनऊ असावी, कारण दहानंतर पत्र्याच्या छपराखाली मुलांना बसवत नाही. गोष्ट पाठ करून सांगण्यापेक्षा पुस्तक हातात धरून, चित्रे मुलांकडे वळवून वाचावी आणि सर्वांत रंगलेल्या ठिकाणी थांबावे. पुढचे काय झाले हे त्या पुस्तकात आहे आणि ते पुस्तक इथेच, समोरच्या खालच्या कप्प्यात आहे, असे सांगितल्यावर जी धावाधाव होते ती पाहण्यासारखी असते. म्हणून अशा पुस्तकाच्या निदान तीन प्रती असाव्यात. बालविभागातली कपाटे मुलांच्या खांद्याच्या उंचीची असावीत आणि पुस्तके कण्याऐवजी मुखपृष्ठ दिसेल अशी मांडावीत. नवीन फर्निचर परवडत नसेल तर भिंतीवर आडव्या पट्ट्या ठोकून हे काम गावातला सुतार एका दिवसात करून देतो.

पावसाळा : पेट्या आणि पडताळणी

जून ते सप्टेंबर हा मोठ्या कार्यक्रमांचा काळ नाही. या काळात ग्रंथपेट्या सुरू कराव्यात. बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथालय तज्ज्ञाला बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांची जी व्यवस्था उभी केली, तिच्यात पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी पाठवणारे फिरते वाचनालय हा एक महत्त्वाचा भाग होता. शंभराहून अधिक वर्षांनंतरही तालुक्याच्या वाचनालयाला ही पद्धत जशीच्या तशी वापरता येते. पत्र्याची ट्रंक, तिच्यात तीस ते चाळीस पुस्तके, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली यादी आणि एक छोटी देवघेव वही, एवढे साहित्य पुरते. पेटी जिल्हा परिषदेच्या शाळेत, बचत गटाकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात एका ठरावीक व्यक्तीच्या सहीने द्यावी आणि दर दोन महिन्यांनी पुढच्या गावी हलवावी. पेटी परत आल्यावर तिच्यातल्या वहीवरून कोणती पुस्तके हातोहात गेली हे पाहून पुढची पेटी भरावी. चाळीस पुस्तकांत दोन-चार हरवणार हे गृहीत धरून महागडे कोश आणि दुर्मीळ ग्रंथ पेटीत घालू नयेत.

याच काळात संग्रहाची पडताळणी करावी. परिग्रहण नोंदवहीतील (संग्रहात आलेले प्रत्येक पुस्तक जिच्यात क्रमांकाने नोंदले जाते ती वही) क्रमांकानुसार प्रत्येक पुस्तक कपाटात, वाचकाकडे, बांधणीला की गहाळ, अशी खूण करत जावे. दोघांनी मिळून, एकाने क्रमांक वाचायचा आणि दुसऱ्याने खूण करायची, असे केले तर चुका कमी होतात. फाटलेली पण वाचली जाणारी पुस्तके बांधणीला पाठवावीत. जीर्ण आणि निरुपयोगी पुस्तके नियमाप्रमाणे मंडळाच्या ठरावाने नोंदवहीतून कमी करावीत, परस्पर रद्दीत घालू नयेत. त्यापूर्वी स्थानिक इतिहास, जुनी नियतकालिके आणि गावातल्या लेखकांची पुस्तके बाजूला काढण्याचे काम एखाद्या जाणकाराकडे द्यावे. कपाटे भिंतीपासून हातभर पुढे ओढावीत, खालचा कप्पा जमिनीपासून वर असावा, आणि उघडीप मिळेल त्या दिवशी दारे-खिडक्या उघडून हवा खेळू द्यावी. वाळवीची माती भिंतीवर दिसली की त्याच दिवशी उपाय करावा.

दिवाळी अंक योजना

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून दिवाळी आणि वाचन यांची मराठी घरात जी गाठ पडली आहे, तिचा लाभ वाचनालयाने घेतलाच पाहिजे. वर्षातला एकच उपक्रम नीट करायचा असेल तर तो हा असावा, असे मी ठामपणे म्हणेन. एकट्या कुटुंबाला चार-पाच अंकांपलीकडे विकत घेणे परवडत नाही; वाचनालय शंभर अंक घेते आणि ते शंभर घरांत फिरवते.

हिशेब आधी मांडावा. समजा शंभर अंक घ्यायचे आहेत आणि सरासरी किंमत ३०० रुपये आहे, तर खर्च ३०,००० रुपये होतो. विक्रेत्याने घाऊक खरेदीवर सवलत दिली तर त्यातून वेष्टने, शिक्के आणि नोंदवहीचा खर्च निघतो. योजनेचे शुल्क २०० रुपये ठेवले तर १५० सभासद मिळाल्यावर योजना स्वतःच्या पायावर उभी राहते. सप्टेंबरमध्ये नावनोंदणी सुरू करावी, कारण किती सभासद होतील याचा अंदाज आल्याशिवाय कोणत्या अंकाच्या किती प्रती घ्यायच्या हे ठरत नाही. गेल्या वर्षीच्या नोंदवहीवरून सर्वाधिक फिरलेले दहा अंक काढावेत आणि त्यांच्या दोन-तीन प्रती घ्याव्यात. साहित्यिक अंकांबरोबर पाककृती, आरोग्य, राशिभविष्य, विनोद आणि मुलांचे अंकही हवेत. मंडळातल्या कोणाला त्यांतले काही आवडत नसले तरी योजनेचे शुल्क ज्यांनी भरले त्यांची आवड पाहणे योग्य ठरते.

अंक आला की लगेच वाटू नये. दिवाळी अंकाची बांधणी पुस्तकासारखी पक्की नसते, पाचव्या-सहाव्या हाताला पाने सुटू लागतात. म्हणून प्रत्येक अंकाला कण्याजवळ दोन ठिकाणी दोऱ्याने टाका घालावा, मुखपृष्ठावर जाड पारदर्शक वेष्टन चढवावे, मलपृष्ठाच्या आत तारखेची चिठ्ठी चिकटवावी आणि मुखपृष्ठ, मधले एक पान व शेवटचे पान अशा तीन ठिकाणी वाचनालयाचा शिक्का मारावा. हे काम दोन संध्याकाळी आठ-दहा स्वयंसेवक बसले तर हसतखेळत होते, आणि त्या निमित्ताने नवीन अंक सर्वांत आधी चाळायला मिळतात म्हणून माणसे आनंदाने येतात.

अंक बदलण्याची मुदत चार दिवसांची ठेवावी. पुस्तकांसारखी पंधरा दिवसांची ठेवली तर अंक घरोघरी अडकतात आणि संक्रांतीपर्यंत अर्ध्या सभासदांना चांगले अंक दिसतही नाहीत. योजना गुढीपाडव्यापर्यंत चालवावी. जानेवारीत शेजारच्या गावच्या वाचनालयाशी तीस-चाळीस अंकांची अदलाबदल केली तर पैसा न घालता दोन्हीकडच्या वाचकांना नवा साठा मिळतो. योजना संपल्यावर जादा प्रती निम्म्या किमतीला विकाव्यात, आणि निवडक अंकांचा एक संच मात्र बांधून कायमचा ठेवावा. वीस वर्षांनी एखादा संशोधक विद्यार्थी त्यासाठी दारात येईल. योजनेत नुसते अंकांसाठी आलेले सभासद हे पुढच्या वर्षाचे संभाव्य पुस्तक-सभासद असतात. अंक बदलायच्या खिडकीशेजारीच नव्या पुस्तकांचे कपाट ठेवावे आणि या सभासदांना मार्चमध्ये एक पुस्तक विनाअनामत नेऊ द्यावे.

हिवाळा : व्याख्यानमाला

न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेपासून महाराष्ट्राला व्याख्यानांची सवय आहे. तालुक्याच्या गावी मात्र वसंतापेक्षा जानेवारीचा पंधरवडा सोयीचा पडतो, कारण तेव्हा भाषा पंधरवडाही असतो आणि मोकळ्या मैदानात मांडव घालता येतो. तीन दिवस पुरेत. एक वक्ता बाहेरचा, एक जिल्ह्यातला आणि एक गावातलाच, अशी निवड केली तर मानधन आणि प्रवासखर्च आवाक्यात राहतो. वक्त्याला पत्र ऑक्टोबरमध्ये जावे आणि त्यात विषय, वेळ, मानधनाची रक्कम, निवासाची सोय स्पष्ट लिहावी. मानधनाचे बोलणे संकोचाने शेवटच्या दिवसावर ढकलणे दोन्ही बाजूंना त्रासाचे होते.

मांडवाच्या किंवा सभागृहाच्या दाराशी एक टेबल ठेवावे. त्यावर वक्त्याच्या विषयाशी संबंधित वाचनालयातली पुस्तके, शेजारी देवघेवीची वही आणि सभासद अर्जांचा गठ्ठा असावा, आणि ग्रंथपालाने स्वागत-सत्कारात न अडकता तिथेच बसावे. व्याख्यान ऐकून बाहेर पडलेल्या माणसाला त्या विषयाची ओढ असते ती त्या दहा मिनिटांत. दुसऱ्या दिवशी दुकान, शेत, कचेरी सुरू झाली की ती मागे पडते. आयोजकांपैकी एकाने शेवटी व्यासपीठावरून या टेबलाची आठवण करून द्यावी आणि आभाराचे भाषण दोन मिनिटांत आटोपावे.

पैसा, नोंदी आणि अहवाल

अनुदानाची रक्कम प्रामुख्याने वेतन, ग्रंथखरेदी आणि नैमित्तिक खर्चात जाते, त्यामुळे उपक्रमांसाठी वेगळा निधी उभा करणे भाग आहे. मोठ्या एका देणगीदाराच्या मागे लागण्यापेक्षा एकेक उपक्रम एकेका कुटुंबाच्या स्मृतिप्रीत्यर्थ मागावा : एका व्याख्यानाचे मानधन, एक ग्रंथपेटी, पन्नास मुलांची वर्गणी. संस्थेकडे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारे प्रमाणपत्र (१९६१च्या आयकर कायद्यात कलम ८०जी) असेल तर पावतीवर तसे छापावे. ग्रंथ, फर्निचर, बालविभाग, इमारत यांसाठी १९७२ साली स्थापन झालेल्या, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना आहेत. त्यांचे प्रस्ताव जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत जातात. प्रस्तावाला लागणारे ठराव, लेखापरीक्षण अहवाल आणि छायाचित्रे यांची एक फाइल कायम तयार ठेवावी, कारण मुदत नेहमी थोडी असते.

प्रत्येक उपक्रमासाठी नोंदवहीत एक पान द्यावे. तारीख, उपस्थिती, खर्च आणि पावत्यांचे क्रमांक सगळेच लिहितात. त्यांच्या खाली आणखी दोन ओळी सक्तीच्या कराव्यात : नंतरच्या तीस दिवसांत झालेले नवे सभासद आणि त्या विषयाची बाहेर गेलेली पुस्तके. आर्थिक वर्ष संपल्यावर हिशेबांचे लेखापरीक्षण करून घेऊन जिल्हा ग्रंथालय कार्यालयाला वार्षिक अहवाल पाठवायचा असतो, आणि पुढे वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे तो मांडायचा असतो. अहवाल लिहिताना कार्यक्रमांचा वृत्तान्त या दोन ओळींच्या आधारे लिहावा, ज्या उपक्रमाच्या पानावर दोन वर्षे या ओळी कोऱ्या राहिल्या तो तिसऱ्या वर्षी बंद करण्याचा ठराव मांडावा, आणि त्याची वाचलेली रक्कम मागणी नोंदवहीतल्या पुस्तकांकडे वळवावी.